डेव्हिड क्लाइडचे सदतीस दिवस

एखादा होतकरू खेळाडू उतरणीला लागला की आपल्या बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी हळहळ, मग खापर. केवढा गुणी पोरगा होता, इथून सुरुवात होते आणि डोक्यात हवा गेली, मनानं कच्चा निघाला, मेहनत नको होती, अशा कुठल्या तरी निदानावर गाडी थांबते. अमेरिकी बेसबॉलमधल्या पिचरांच्या, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्यांच्या, वाट्याला हे सगळ्यात जास्त येतं, कारण त्यांची उतरण अचानक येते आणि आकड्यांत उघडी पडते. खेळाडूला त्याच्या घसरणीचा एकटा धनी ठरवलं की त्याच्या चढणीवर ज्यांनी गल्ला भरला त्यांचा हिशेब आपोआप बंद होतो. माझा आक्षेप त्या बंद हिशेबाला आहे.

डेव्हिड क्लाइड हा ह्यूस्टनच्या वेस्टचेस्टर हायस्कूलचा डावखुरा पिचर. १९७३ मध्ये, शाळेच्या शेवटच्या हंगामात, त्यानं १८ सामने जिंकले आणि एकही हरला नाही (बेसबॉलमध्ये जय-पराजय पिचरच्याही नावावर मांडतात). त्यातल्या पाच सामन्यांत समोरच्या संघाला एकही हिट मिळाली नाही, म्हणजे फटका मारून कोणालाही बेस गाठता आला नाही. त्या जूनमधल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची आळीपाळीनं निवड करायची तेव्हा, टेक्सास रेंजर्सनं त्याला देशभरातून पहिला उचलला. सव्वा लाख डॉलर हातावर ठेवले. पोरगा १८ वर्षांचा.

रेंजर्सचं तेव्हा काही खरं नव्हतं. वॉशिंग्टनमधून बाडबिस्तरा गुंडाळून टेक्सासला येऊन दुसरंच वर्ष. पहिल्या वर्षी १०० सामने हरलेले, स्टेडियम ओस, आणि मालक बॉब शॉर्ट कर्जात. एरवी १८ वर्षांचा पिचर कितीही चांगला असला तरी मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या संघांच्या खालच्या तालीम संघांमध्ये, तीन-चार वर्षं काढतो. अंगात ताकद भरते, दोन-तीन प्रकारचे चेंडू हातात बसतात, हरायची सवय होते. शॉर्टनं ते सगळं बाजूला ठेवलं. शाळा संपून महिनाही झाला नव्हता तेव्हा, २७ जून १९७३ ला, क्लाइडला मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध थेट मोठ्या मैदानात उभं केलं.

त्या रात्री आर्लिंग्टन स्टेडियममध्ये ३५,६९८ माणसं होती. घरचं मैदान पहिल्यांदाच भरलं होतं. रस्त्यांवर गाड्या तुंबल्या म्हणून सामना १५ मिनिटं उशिरा सुरू केला. क्लाइडनं पहिल्या दोन फलंदाजांना वॉक दिला, म्हणजे चेंडू फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीत न टाकता आल्यानं फुकटात पहिल्या बेसवर सोडलं, आणि पुढच्या तिघांना लागोपाठ स्ट्राइकआउट केलं, फटकाच बसू न देता बाद केलं. नऊ इनिंग्जच्या (डावांच्या) सामन्यातल्या पाच इनिंग्ज, फक्त एक हिट, आठ स्ट्राइकआउट, सात वॉक. रेंजर्स ४-३ नं जिंकले. लोकांनी स्ट्राइकआउट पाहिले. मैदानावरच्या जाणत्यांनी सात वॉकही पाहिले असणार. हात विलक्षण आहे पण अजून कच्चा आहे, हे त्या एका आकड्यात लिहिलेलं होतं.

एक-दोन सामने इथे खेळवायचे आणि मग शिकायला खाली पाठवायचं, असा आधीचा बेत होता. पण क्लाइड टाकणार असला की तिकिटं खपत होती. मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, व्हायटी हर्झॉगला त्याला खाली धाडायचं होतं, मालकाला नव्हतं. जिंकला मालक. हंगाम संपला तेव्हा क्लाइडच्या नावावर ४ विजय आणि ८ पराभव होते, आणि त्याआधीच सप्टेंबरात हर्झॉगची उचलबांगडी होऊन बिली मार्टिन आला होता. मार्टिन तापट, त्याला आज जिंकायचं होतं. कोवळ्या पोराला घडवत बसायला त्याच्याकडे ना वेळ होता ना इच्छा. १९७४ मध्ये ३ विजय, ९ पराभव. शॉर्ट तर त्याच वर्षी संघ विकून मोकळाही झाला. मोहरातच झाड झोडपायचं आणि बाग दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, असा हा व्यवहार.

पुढचं पटकन सांगून टाकतो. मायनर लीग, खांद्याची शस्त्रक्रिया, क्लीव्हलंडला बदली, तिथे १९७८ मध्ये बऱ्यापैकी एक हंगाम, आणि १९७९ मध्ये मोठ्या लीगमधला शेवटचा सामना. वय २४. एकूण १८ विजय, ३३ पराभव. सव्विसाव्या वर्षी त्यानं खेळ सोडला आणि नंतर बरीच वर्षं सासऱ्यांच्या लाकडाच्या धंद्यात काम केलं.

आणि पेन्शन? त्या काळच्या नियमानं मोठ्या लीगमध्ये चार वर्षांची सेवा भरावी लागे. क्लाइडला ३७ दिवस कमी पडले. १९८० मध्ये मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या करारानं ही अट ४३ दिवसांवर आणली. वर्षांवरून थेट दिवसांवर. पण ती आधीच्या खेळाडूंना लावली नाही. त्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली ती २०११ पर्यंत. तेव्हा कुठे, प्रत्येक ४३ दिवसांच्या सेवेमागे वर्षाला ६२५ डॉलर आणि जास्तीत जास्त १०,००० डॉलर, असं काहीतरी सुरू झालं. २०२२ मध्ये त्यात १५ टक्के वाढ झाली. मात्र हे पेन्शन नव्हे. खेळाडू गेला की पैसे बंद, मागे राहिलेल्या बायकोला काही नाही.

हे ३७ दिवस मला फार बोलके वाटतात. मोठ्या लीगमध्ये कोणी किती दिवस राहायचं हे खेळाडू ठरवत नाही. संघ ठरवतो. तिकिटं विकायची होती तेव्हा नको असताना वर ठेवलं, आणि मन भरल्यावर खाली पाठवलं. दोन्ही निर्णय एकाच बाजूनं घेतले आणि त्या निर्णयांच्या बेरजेतून निघालेली तूट मात्र पोराच्या खात्यावर पडली.

आता कोणी म्हणेल, घाई केली म्हणून पोरगा संपला हे कशावरून? आक्षेप वाजवी आहे. त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा रॉबिन यौंट होता आणि चौथा डेव्ह विनफिल्ड. विनफिल्डनं मायनर लीगचं तोंडही पाहिलं नाही, यौंट पुढच्या वर्षी अठराव्या वर्षीच मोठ्या संघात आला. दोघेही बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, आहेत. मग क्लाइडचंच काय बिनसलं? एक तर विनफिल्ड कॉलेज करून आलेला, २१ वर्षांचा घोटीव माणूस होता. आणि दुसरं म्हणजे ते दोघेही पिचर नव्हते. फलंदाज चुकला तर शून्यावर परत येतो, उद्या पुन्हा उभा राहतो. पिचर चुका दुरुस्त करायला जातो तो अधिक जोरानं, वेगळ्या कोनातून, दुखऱ्या खांद्यानं टाकून.

आपण पिचर म्हणजे गोलंदाज असं म्हणून मोकळे होतो, पण शरीराच्या दृष्टीनं ही दोन वेगळी कामं आहेत. गोलंदाजाला धाव असते आणि कोपर सरळ करण्याला १५ अंशांची मर्यादा असते. पिचर जवळजवळ जागच्या जागी, दहा इंच उंच उंचवट्यावरून, ६० फूट ६ इंचांवर चेंडू फेकतो. बाहू मागे पार वळवून कोपर फटक्यासरशी सरळ करायचं. त्यातला बराच ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या लिगामेंटवर, हाडं जोडणाऱ्या पट्टीवर, येतो. ते तुटलं की पूर्वी कारकीर्दच संपायची. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या दुसऱ्या हाताचा स्नायूबंध काढून त्या जागी बसवला. जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेला त्याचंच नाव चिकटलं.

गंमत अशी की उपाय सापडल्यावर रोग कमी व्हायला हवा होता. झालं उलटं. मेजर लीग बेसबॉलनं डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच काढलेल्या अहवालानुसार मोठ्या आणि मायनर लीगमध्ये मिळून या लिगामेंटच्या शस्त्रक्रिया २०१० मध्ये १०४ होत्या, २०२४ मध्ये २८१ झाल्या. फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो ९४.२ वर गेला, म्हणजे ताशी १५० किलोमीटरच्या वर. प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकायचा, हात गेला तर पुढचा पोरगा रांगेत आहेच, असा हा हिशेब.

मग काळजी घेतली तर हात वाचतो का? इथे माझ्या बाजूच्या लोकांचीही पंचाईत होते, ती मान्य करायला हवी. शिकागो कब्सचा मार्क प्रायर २००३ मध्ये अवघ्या २२-२३ व्या वर्षी १८ सामने जिंकला, २४५ स्ट्राइकआउट केले, आणि त्या सप्टेंबरात त्याला पुन्हा पुन्हा एकेका सामन्यात १२०-१३० पिचेस, म्हणजे चेंडू, टाकायला लावल्या. २००६ च्या ऑगस्टनंतर तो मोठ्या लीगमध्ये दिसला नाही. मॅनेजर डस्टी बेकरला लोक अजून शिव्या घालतात. पण प्रायरची एकदा मैदानात टक्कर झाली होती, एकदा फटकावलेला चेंडू थेट कोपरावर बसला होता. सगळं खापर बेकरवर फोडणं हा सोयीचा निवाडा झाला.

याच्या उलट स्टीफन स्ट्रॅसबर्ग. २००९ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर, दीड कोटी डॉलरहून मोठा करार. ८ जून २०१० ला पहिल्या सामन्यात १४ स्ट्राइकआउट. ऑगस्टमध्ये लिगामेंट गेलं. वॉशिंग्टन नॅशनल्सनं त्याला २०१२ मध्ये तळहाताच्या फोडासारखं जपलं. संघ वॉशिंग्टनला आल्यापासून पहिल्यांदाच प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीला, निघालेला, आणि त्यांनी सप्टेंबरात आपला सर्वोत्तम पिचर १५९ इनिंग्जनंतर बाकावर बसवला. हात पूर्ण बरा होऊ दे म्हणाले. गावभर ओरड झाली. संघ सेंट लुईसविरुद्ध ६-० नं पुढे असलेला निर्णायक सामना हरला, तेव्हा ओरड आणखी वाढली. २०१९ मध्ये मात्र त्याच स्ट्रॅसबर्गनं त्यांना वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकून दिली आणि तिचा मानकरी ठरला. मग सात वर्षांचा, साडेचोवीस कोटी डॉलरचा करार झाला. त्या करारात तो फक्त आठ सामने टाकू शकला. खांद्याजवळच्या नसा दबल्या, बरगडी काढावी लागली, २०२४ मध्ये निवृत्ती.

म्हणजे जपलेला हातही गेला. इथे बहुतेक जण चर्चा सोडून देतात. पिचरचा हात हा जुगारच आहे म्हणतात. मला मात्र खरा मुद्दा इथेच सुरू झालेला दिसतो. स्ट्रॅसबर्ग पुढे एकही चेंडू न टाकता करारातल्या प्रत्येक डॉलरचा हकदार राहिला, कारण मोठ्या लीगचे करार हमीचे असतात. क्लाइडला ३७ दिवसही माफ झाले नाहीत. हात दोघांचाही गेला. नुकसान कोणी सोसायचं हे मात्र दोघांच्या बाबतीत वेगळं ठरलेलं होतं. त्या दोघांच्या मधल्या काळात खेळाडूंच्या संघटनेनं मिळवलेला, पगाराचा वाद लवादाकडे नेण्याचा हक्क वापरात आला, १९७५ च्या डिसेंबरातल्या निवाड्यानं खेळाडूला जन्मभर एका संघाशी बांधून ठेवणारं कलम मोडलं, हमीचे करार रुजले. औदार्य कोणी दाखवलं नाही. भांडून घेतलं.

आणि यातूनच काळजीही आली. स्ट्रॅसबर्गच्या इनिंग्ज मोजल्या गेल्या, कारण तो मोडला तर नॅशनल्सना खड्डा पडणार होता. क्लाइडच्या पिचेस मोजण्यात कोणाला रस नव्हता, कारण त्याची सगळ्यात जास्त किंमत त्या उन्हाळ्यातल्या गेटवरच वसूल होत होती. ज्याच्या खिशाला कात्री लागणार असते तोच मोजतो.

ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत शनिवारी सकाळी कुठल्याही मैदानावर जा, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. आमची मराठी पोरंही आता तिथे असतात, गणपतीच्या कार्यक्रमाची तारीखसुद्धा टूर्नामेंट बघून ठरते. लिटल लीगनं २००७ पासून पिचेस मोजायला सुरुवात केली. ११-१२ वर्षांच्या मुलानं दिवसाला जास्तीत जास्त ८५ टाकायच्या, ६६ किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस विश्रांती. कुंपणाला टेकून एक बाई हातातला काउंटर टिकटिक करत असतात, त्यांच्या शेजारी वेग मोजणारं यंत्र घेतलेला बाबा. मोजणी अगदी चोख. पण त्या काउंटरला फक्त त्यांचाच संघ कळतो. "इथे पन्नासच झाल्यात हो," एका बापानं मला निर्धास्तपणे सांगितलं, "सकाळी दुसऱ्या टीमकडून जरा टाकल्या होत्या, पण ते मोजत नाहीत." मुलगा सहावीतला. बाप दुष्ट नव्हता. त्याला कॉलेजची स्कॉलरशिप दिसत होती, कोचला शनिवारचा चषक. दहा वर्षांनी त्या कोपराचं बिल आलं तर यांच्यापैकी कोणाकडे जाणार?

व्यावसायिक बेसबॉलमध्येही ही फट बुजलेली नाही, फक्त खालच्या मजल्यावर सरकली आहे. मोठ्या लीगमध्ये आल्यावर पहिली तीन वर्षं बहुतेकांना किमान पगाराच्या आसपासच मिळतं आणि सहा वर्षं होईपर्यंत दुसऱ्या संघाकडे जाता येत नाही. किमान पगार २०२४ मध्ये ७,४०,००० डॉलर होता. आपल्या रुपयांत सहा कोटींच्या वर, मग कोणासाठी गळा काढताय, असं कोणी विचारेल. त्यांच्यासाठी फार नाही काढत. पण पिचरचा हात सगळ्यात ताजा आणि वेगवान असतो तो याच स्वस्त वर्षांत, आणि पंचविशीत मोडलेल्याला बाजारभाव कधी दिसतच नाही. शिवाय मोडलेल्यांतले पुष्कळसे त्या किमान पगारापर्यंतही पोचलेले नसतात.

मायनर लीगचा पिचर मैदानात कोसळतो तेव्हा त्याचं काय होतं ते बघा. मोठ्या संघात असताना दुखापत झाली तर जखमींच्या यादीत राहूनही सेवेचे दिवस भरत राहतात, पगार चालू असतो. तोच खांदा तीन आठवडे आधी, मायनर लीगमध्ये असताना गेला, तर सेवेचा एक दिवस जमा होत नाही. हीच ती मंडळी, ज्यांना २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं एका अवाढव्य खर्च विधेयकात गुपचूप कलम घालून ओव्हरटाइमच्या हक्कातून वगळलं. २०२२ मध्ये ती खेळाडू संघटनेत आली आणि पुढच्याच वर्षी ट्रिपल-ए चा, म्हणजे मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीचा, वार्षिक किमान पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेला. परवडत नाही म्हणणाऱ्या मालकांपैकी कोणाचं दिवाळं वाजलेलं मी ऐकलं नाही.

म्हणून हात वाचवायच्या तंत्रावर जितकी शाई खर्च होते त्यातली थोडी भरपाईच्या नियमांवर व्हावी. मायनर लीगमध्ये पिचर म्हणून करारबद्ध असताना कोपर किंवा खांद्याची मोठी शस्त्रक्रिया झाली तर तिच्यानंतरचं एक वर्ष संघानं खेळाडूला सोडू नये, आणि त्यानंतर सोडलं तर शिक्षणाचा खर्च संघाचा. पैसा कुठून आणायचा? २०२२ च्या करारानं पहिल्या काही वर्षांतल्या उत्तम खेळाडूंना वाटण्यासाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा बोनस निधी काढला आहे. स्वस्तात राबवलेल्यांना थोडं परत द्यायचं हे तत्त्व म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेलंच आहे. पण तो निधी जे चमकले त्यांच्यासाठी आहे. चमकता चमकता मोडले त्यांच्यासाठी तसाच दुसरा निधी काढायला नवं तत्त्वज्ञान लागत नाही.

असं केलं तर संघ कोवळी पोरं घेणारच नाहीत, ही धमकी ठरलेली आहे. संघ घेतील, कारण त्यांना दुसरीकडे कुठे ताशी ९५ मैल मिळणार नाही. थोडी कमी घेतील, थोडं उशिरा वर आणतील, सात वॉक देणाऱ्याला परत शिकायला धाडतील. हर्झॉगला १९७३ मध्ये हेच तर करायचं होतं.

मालक आणि खेळाडूंमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. टेबलावर पगारांच्या कमाल मर्यादेवरून डोकी फुटणार, हे आत्तापासून दिसतंय, आणि त्या धुमश्चक्रीत १९८० पूर्वीचे म्हातारे खेळाडू कोणाच्या लक्षात राहणं कठीण. ते संघटनेचे मतदार नाहीत, त्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. निदान ४३ दिवसांची अट मागच्यांना लावावी आणि नवरा गेल्यावर बायकोला पैसे चालू ठेवावेत, एवढ्या दोन ओळी संघटनेनं आपल्या मागण्यांत घालाव्यात. अब्जावधींच्या धंद्यात ही रक्कम किरकोळ आहे. मालकांना नाही म्हणायचं असेल तर त्यांनी तसं खुशाल म्हणावं, फक्त चार लोकांसमोर आणि कारण देऊन.